वजनाची वही

१

मुलगी उंच बारवरून पडली, याबद्दल कुणाचा वाद नव्हता. गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता ती पडली, उजवा हात दोन ठिकाणी मोडला, आणि इस्पितळातल्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं की मुलीच्या अंगात पाणीच उरलेलं नाही. वाद होता तो वहीचा. व्यायामशाळेत अशी एक वही आहे, असं एक पत्र सांगत होतं. अशी वही कधी नव्हतीच, असं सर सांगत होते. आणि खरं काय ते सांगू शकणारी तेरा वर्षांची पोर गुरुवारपासून एक शब्द बोलली नव्हती.

शनिवारी सकाळी चौकशीला पंचबाई आल्या. तीस वर्षं त्यांनी जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांमध्ये गुण दिले होते. गुडघा बोटभर वाकला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. हिच्यापुढे चहाचा कप ठेवतानासुद्धा कोपर सरळ ठेवावं लागतं, नाहीतर ही गुण कापते, असं त्यांचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. गेल्याच महिन्यात निवृत्त झाल्या होत्या, तरी संघटनेत त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"पाच वाजेपर्यंत अहवाल द्या," अध्यक्ष फोनवर म्हणाले होते. "वही सापडली तर मी सरांना एका दिवसात घरी बसवतो. नाही सापडली तर त्यांचा शब्द आणि एक निनावी पत्र. मी काय करणार? सोमवारी ते अकरा मुलींना घेऊन महिनाभर शिबिराला चाललेत."

पत्र पंचबाईंच्या पर्समध्ये होतं. वहीच्या फाडलेल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं, खाली नाव नाही. 'बाई, आमच्याकडे रोज सकाळी सगळ्यांसमोर वजन होतं. ते वहीत लिहितात. जिचं वाढतं तिचं पाणी बंद. चक्कर आली तर नाटक म्हणतात. कुणी बघायला आलं तर ती वही बघा, तोंडी कुणी सांगणार नाही.' त्याखाली आणखी एक ओळ होती. गुरुवारी संध्याकाळी पंचबाईंनी ते पत्र अध्यक्षांना फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा ती शेवटची ओळ त्यांनी गाळली.

"कधी आलं हे?" अध्यक्षांनी विचारलं होतं.

"आजच," पंचबाई म्हणाल्या होत्या.

पत्र तीन आठवड्यांपासून त्यांच्या खणात पडून होतं. निनावी तक्रारीची दखल घ्यायची नाही, असा संघटनेचा नियम होता. तो नियम करणाऱ्या समितीत त्या स्वतः होत्या, आणि तीन आठवडे त्यांनी त्याच नियमाची चादर डोक्यावरून ओढून घेतली होती.

२

सरांची खोली कपांनी भरलेली होती. सर पन्नाशीचे, हसतमुख, आवाजात साखर. त्यांनी पंचबाईंना स्वतःची खुर्ची दिली.

"तुम्ही तर आमच्या घरच्याच, बाई. तुमच्यासमोर काय लपवायचं? पोर हट्टी आहे. बारीक राहायचं म्हणून घरी जेवत नसणार. यात आमचा काय दोष?"

"पाणीही पीत नव्हती म्हणे."

"ते तिच्या आईला विचारा. मी आजवर एका मुलीला बोट लावलेलं नाही. कुणालाही विचारा."

ते खरं होतं. पंचबाईंनी आधीच चार घरी फोन केला होता. सर मारत नाहीत, हे चारही घरांनी एका सुरात सांगितलं होतं. आत काय चालतं ते मात्र कुणाला माहीत नव्हतं, कारण पालकांनी दारापर्यंतच यायचं, आत नाही, असा इथला शिरस्ता होता. मुलींचं लक्ष विचलित होतं म्हणे.

"आणि वजन?"

"महिन्यातून एकदा, इस्पितळात. इथे काटासुद्धा नाही."

पंचबाईंची नजर खाली गेली. खिडकीजवळ फरशीवर एक स्वच्छ चौकोन होता, हात-सव्वाहात रुंद. त्याच्या चारी बाजूंनी फरशी वर्षानुवर्षांच्या पावडरने धुरकट झाली होती. बारवरून हात सटकू नये म्हणून खेळाडू तळहाताला पांढरी पावडर चोळतात, ती इथे सगळीकडे भरून राहिली होती. त्या चौकोनाकडे अनवाणी पावलांचे पुसट ठसे जात होते, एकामागे एक, लहान लहान.

"इथे काय होतं?"

"कपाट. जुनं झालं, दिलं टाकून."

"कपाटासमोर मुली रांग लावतात?"

सर हसले. भिंतीवरच्या फोटोंकडे बोट दाखवून म्हणाले, "यांतल्या सहा जणींना पदकं तुम्ही दिलीत, बाई. तेव्हा नाही विचारलंत कुणी कशी रांग लावली ते."

पंचबाईंनी फोटोंकडे पाहिलं. फोटोतल्या सहाही मुलींचे खांदे काटकुळे होते, गळ्याखालची हाडं वर आलेली होती. त्या सहा जणींच्या गुणपत्रिकांवर आपण काय शेरे मारले होते ते त्यांना नीट आठवत होतं. 'शरीराची रेषा सुरेख.' असं लिहून त्या निवांत घरी गेल्या होत्या.

त्या बाहेर पडल्या, तेव्हा दाराशी सरांची साहाय्यक उभी होती. मुली तिला ताई म्हणत.

"काटा शुक्रवारी सरांच्या गाडीतून गेला," ती हळूच म्हणाली. "आणि वही होती, बाई. मीच लिहायचे ती."

३

ताई चोवीस वर्षांची होती, आणि वयाच्या आठव्या वर्षापासून याच हॉलमध्ये होती. मॅटच्या ढिगामागे, कोपऱ्यात बसून ती बोलली.

"लांब, जाड वही. तारीख, नाव, वजन, शेरा. सर सांगतील तो शेरा मी लिहायचे. गुरुवारी ती भरली. सर म्हणाले, मामांना दे, कचऱ्याबरोबर जाळून टाकतील. दर वेळी तसंच करतात. मी टेबलावर ठेवली, मुलींना घेऊन बाहेर धावायला गेले. परत आले तेव्हा लक्षातच नाही राहिलं. मग ती पोर पडली."

"नंतर?"

"नंतर वही नाही. शुक्रवारी सरांनी सगळा हॉल उलटापालटा केला. मामांकडून कचऱ्याचा डबासुद्धा ओतून घेतला. मला म्हणाले, तू नेलीस. मी कशाला नेऊ? अक्षर माझं आहे, बाई. सापडली तर आधी मीच मरेन."

"आणि तरी मला सांगतेयस."

ताई बोटांवरची जुने घट्टे सोलत राहिली. "माझंही असंच व्हायचं. माझं पाणी बंद व्हायचं, मला 'पिंप' म्हणायचे. मला वाटायचं, यातूनच माणूस तयार होतो. मी झाले ना तयार? म्हणून मी यांचंही लिहीत गेले. गुरुवारी ती धावताना मध्येच मागे फिरली. म्हणाली, पोटात दुखतंय. दहा मिनिटांनी आली. मला वाटलं, नळाला तोंड लावून आली. मी सगळ्यांसमोर झापलं आणि शिक्षा म्हणून पहिली तिलाच बारवर चढवलं. तीच पडली. आम्ही तिला खार म्हणतो. कुठेही सरसर चढते ना."

पंचबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण तो हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटेना.

"मुलींच्या पिशव्या तपासतात, असं एक आई म्हणाली."

"मीच तपासते. येताना बिस्किट-बिस्किट आणलंय का ते. जाताना टेप, हाताच्या पट्ट्या. त्या क्लबच्या आहेत. अंगावर तर नुसता घट्ट कॉस्च्युम, त्यात रुमालसुद्धा मावत नाही."

"गुरुवारी तपासल्यास?"

"हो ना. सवयच आहे. तिला स्ट्रेचरवरून नेलं, तर तिची पिशवीसुद्धा मी आधी उघडून बघितली." एवढं बोलून ताई रडायला लागली.

हॉल झाडणारे मामा बारच्या खाली पोछा मारत होते. पासष्टीचे गृहस्थ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वहीचं नाव काढताच त्यांनी कानावर हात ठेवले. मग गप्प राहवेना म्हणून दुसरंच गाऱ्हाणं सांगत बसले.

"त्या पावडरने वैताग आणलाय, बाई. रोज संध्याकाळी मी पिंपात काठी घालून मोजतो. हातभर राहिली की नवीन मागवायची. बुधवारी हातभर होती, म्हणून चिठ्ठी पाठवली. गुरुवारी संध्याकाळी मोजली तर हातभर आणि वर चार बोटं. कुणी भरली विचारलं, तर कुणीच नाही. आता पावडर काय पिल्लं घालते?"

पंचबाईंना हसू आलं. ते तोंडावर येईपर्यंत त्या थबकल्या. पण काय खटकलं ते त्यांना अजून सांगता आलं नसतं.

४

खारची आई शिंपीण होती. क्लबच्या सगळ्या मुलींचे कॉस्च्युम तीच शिवून देई. इस्पितळाच्या व्हरांड्यात ती बाकावर बसली होती. पोरगी आत झोपली होती.

"मला विचारू नका काही, बाई. मी आई आहे का वैरीण, ते मलाच कळत नाहीये."

पंचबाई शेजारी बसल्या.

"दर महिन्याला माप घेते मी सगळ्यांचं," आई म्हणाली. "बाकीच्या पोरींच्या आया म्हणतात, वाढत्या अंगाची आहे, शिवण सोडून ठेवा. आणि मी माझ्याच पोरीची शिवण आत आत घेत गेले. कमरेला अर्धा इंच, परत अर्धा इंच. टेप माझ्या हातात होता ना? आकडे मला वाचता येत नव्हते का? सर म्हणाले, पोरीत धमक आहे, घरी लाड करू नका. मी रात्रीचं तिच्या ताटातलं काढून घ्यायचे. ती काही बोलायची नाही. मला वाटायचं, किती समजूतदार पोर दिलीय देवाने."

तिने पिशवीतून एक निळा, पूर्ण बाह्यांचा कॉस्च्युम काढला. उजवी बाही डॉक्टरांनी कापली होती.

"हा परवाचा. धुवायचा धीर होत नाही. त्या दिवशी सकाळी मी इस्त्री करून दिला होता. बघा ना, केवढा मळवलाय."

डावी बाही कोपराच्या वरपर्यंत पांढरी होती. कापलेली बाहीही तशीच. पंचबाईंनी ती बाही उजेडात धरली. नुसती वर उडालेली पावडर नव्हती ती, विणीत घुसलेली होती.

"पावडर कुठे लावतात?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं बघितलेलं होतं.

"तळहाताला."

"मनगटाच्या वर?"

"छे. वर गेली तर सर ओरडतात, वाया घालवता म्हणून."

पंचबाई उठल्या. घड्याळात चार वाजले होते. वही कुठे आहे ते त्यांना आता कळलं होतं. आणि ती सापडू नये, असं त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटलं. तो कोपरा आपल्यात आहे, याची त्यांना शिसारी आली.

५

साडेचारला हॉलमध्ये अध्यक्ष आले. सर होते, ताई होती, मामा काठी घेऊन उभे होते.

"बाई, वेळ थोडा आहे," अध्यक्ष म्हणाले. "वही आहे की नाही?"

"आहे. कुणी घेतली ते आधी सांगते." पंचबाई उभ्या राहूनच बोलल्या. "सरांनी घेतली नाही, कारण शुक्रवारी दिवसभर ते तीच शोधत होते."

"मी किल्ल्या शोधत होतो," सर म्हणाले.

"कचऱ्याच्या डब्यात? असो. ताईने नेली असती तर तिच्याच अक्षरातली वही तिने दोन दिवस जिवंत ठेवली नसती. मामांना तर ती जाळण्यासाठीच मिळणार होती, त्यांना चोरायची काय गरज? आणि या तिघांपैकी कुणीही असतं, तर वही गुरुवारीच या दारातून बाहेर पडली असती. मोठ्यांच्या पिशव्या इथे कुणी उघडत नाही. पिशव्या उघडतात त्या मुलींच्या. येताना एकदा, जाताना एकदा. हा नियम कुणाचा?"

सर घड्याळाकडे बघू लागले.

"तुमचाच. तुम्ही तो केला नसता, तर वही त्या दिवशी कुणाच्या तरी दप्तरातून घरी गेली असती. बाहेर नेता येत नाही म्हणून ती इथेच लपवावी लागली. म्हणजे लपवणारी मुलगी होती. धावताना एकच मुलगी मागे फिरली. दहा मिनिटं ती नळापाशी नव्हती, ताई. तिला पाणी तर तू चुकूनही चाखू दिलं नसतंस, हे तिला माहीत होतं. ती टेबलापाशी होती."

ताईने तोंडावर हात ठेवला.

"ती कुठे लपवेल? आपण मोठी माणसं जिथे हात घालत नाही तिथे. मामा, काठी घाला बघू पिंपात."

मामांनी काठी घातली. बाहेर काढून बोटांनी मोजली. "हातभर आणि चार बोटं."

"गुरुवारपासून सराव बंद आहे. नवीन पावडर आलेली नाही. मग चार बोटं वर कशी आली? खाली काहीतरी गेलं म्हणून." पंचबाईंनी बाही वर केली नाही. तसाच त्यांनी हात पिंपात खुपसला. मुली वरवर हात टेकवतात, तळापर्यंत कुणी जात नाही. पंचबाईंचा हात कोपरापर्यंत आत गेला. बोटांना प्लास्टिकच्या पिशवीचं टोक लागलं.

पांढऱ्याफटक हाताने त्यांनी वही बाहेर काढली. ब्लाउजची बाही कोपराच्या वरपर्यंत माखली होती, त्या निळ्या बाहीसारखीच.

"बाई," सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "आधी तुम्ही वाचून बघा ती. मग साहेबांना द्या. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

६

पंचबाईंनी वही उघडली. पानामागून पान, ताईचं गोल, नीटस अक्षर. चौदा मुली, वजनं ग्रॅमपर्यंत. शेरे: 'पाणी नाही.' 'दोनशे वाढले, जेवणाच्या सुट्टीत उभी.' 'चक्कर, नाटक.' 'घोटा सुजला, तरी उतरवली.' दोन महिन्यांपूर्वीच्या निवड चाचणीचं पान आलं. खारच्या नावाभोवती लाल गोल होता. 'तीनशे वाढले. चाचणी संपेपर्यंत पाणी बंद.' आणि त्याच्या समोर 'पाहिले' असं लिहून, लांब शेपटी काढलेली एक सही.

ती सही पंचबाईंची होती.

पत्राची शेवटची ओळ त्यांना पाठ होती. 'तुम्ही वहीत सही केलीत त्या दिवशी मला वाटलं, आता बाई काहीतरी बोलतील, म्हणून तुम्हालाच लिहिते.' तीन आठवडे त्या स्वतःला सांगत आल्या होत्या, की पोरीची काहीतरी गफलत झाली असेल. आता चाचणीच्या त्या सकाळचा प्रसंग जसाच्या तसा समोर आला. सर वही पुढे करतात, एक सही बाई, आकडा बरोबर आहे एवढंच. मुलगी काट्यावर उभी आहे. पंचबाई सही करतात, पण बघतात तिच्या पावलांकडे. पावलं किती छान जुळवते ही, एवढंच मनात येतं.

वही अजून त्यांच्याच हातात होती. अध्यक्ष चार पावलांवर होते. एक पान ओढून काढायला किती वेळ लागतो?

"हे पान आधी वाचा," त्या म्हणाल्या आणि वही उघडीच अध्यक्षांच्या हातात दिली. "आणि पत्राबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले. ते तीन आठवड्यांपूर्वी आलं होतं. शेवटची ओळ मी तुम्हाला वाचून दाखवली नाही. ही घ्या."

अध्यक्षांनी पान वाचलं, पत्र वाचलं, चष्मा काढला. "बाई, अहवालातून हे वगळता येईल. वही पुरेशी आहे."

"नाही वगळायचं. सगळी वही पोलिसांकडे जाऊ दे, माझ्या सहीसकट. निनावी पत्राचा तो नियमही काढून टाका. तो मी केला होता. नाव लिहायची सोय असती तर पोरीने नाव लिहिलं नसतं का? आणि सोमवारपासून हे दार उघडं ठेवा. ज्या आईला आत बसायचंय, तिने बसावं."

सरांनी कोट उचलला. अध्यक्षांनी त्यांना थांबायला सांगितलं आणि फोन लावला. शिबिराला ते जाणार नाहीत, एवढं ठरलं. ताई खाली मॅटवर बसली होती. पोलिसांना ती स्वतःच सगळं सांगणार होती.

पंचबाई इस्पितळात पोचल्या तेव्हा खार जागी होती. उशाशी पाण्याचा ग्लास होता, अर्धा प्यालेला. आईने स्टूल पुढे सरकवलं. पंचबाईंच्या बाहीवर अजून पावडर होती. खारने आधी त्या बाहीकडे पाहिलं.

"सापडली," पंचबाई म्हणाल्या. "तू ठेवली होतीस तिथेच. सर आता परत येणार नाहीत."

पोरीने मान हलवली. मग तीन दिवसांत पहिल्यांदाच ती बोलली. घसा बसल्यासारखा आवाज.

"पत्र मिळालं का तुम्हाला?"

"मिळालं."

"कधी?"

आई हातातलं काम थांबवून बघत राहिली. पंचबाईंना वाटलं, खाली बघावं. त्यांनी बघितलं नाही.

"तीन आठवडे झाले."

खारने मनातल्या मनात काहीतरी मोजलं. ते मोजताना तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिनेच सावरून घेतल्यासारखं म्हटलं, "पेन्सिलीने लिहिलं होतं ना मी. पुसट असेल. तुम्हाला नीट दिसलं नसेल."

"नाही गं," पंचबाई म्हणाल्या. "मला सगळं स्पष्ट दिसलं होतं."